पंगतीतला आग्रह आणि युक्ताहार

सज्जनहो, चंपाषष्ठी आली म्हणजे चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे भरताच्या रूपाने पुन्हा पानात येते. मागोमाग मोक्षदा एकादशी, दत्तजयंती, गावोगावचे सप्ताह, मग भोगी आणि संक्रांत. थंडीने भूक वाढलेली, सुगी घरात आलेली, आणि पंगतींना खंड नाही. अशा दिवसांत जिभेला आवरणे मोठे कठीण!

आमच्याच हातून घडलेली चूक सांगतो. नेवासे तालुक्यातील एका गावी मोक्षदा एकादशीस आमचे कीर्तन होते. एक वृद्ध माळकरी मधुमेहाची गोळी घेऊन, निर्जळी उपवास करून पुढे बसले होते. "निष्ठा असावी तर अशी!" असे आम्ही भर कीर्तनात म्हणालो. थोड्याच वेळात बाबांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, टाळ गळून पडला. शुद्धीवर होते म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. डॉक्टर म्हणाले, "गोळीने रक्तातली साखर उतरली, आणि पोटात अन्नाचा कण नाही. मग दुसरे काय होणार?"

एवढ्याने आम्ही शहाणे झालो काय? नाही! दुसरे दिवशी पारण्याला त्याच बाबांच्या पानात "प्रसादाला नाही म्हणू नये" असे म्हणत बुंदीचे दोन लाडू वाढले. आदल्या दिवशी उपाशी ठेवले, आणि आज कोंबले!

परतताना नेवाशास माउलींच्या खांबापुढे उभे राहिलो, तेव्हा मान खाली गेली. शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये, याच स्थळी माउलींनी गीता मराठीत उलगडली. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. मोक्षदा एकादशी हीच गीताजयंती. आणि त्याच दिवशी आम्ही गीता विसरलो!

बरे, बाकीच्यांचे काय? एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे बहुतेक नुसते पिष्ट. त्यावर तूप, आणि वर तळलेले वडे. त्यापेक्षा थोडी भगर, उकडलेले रताळे आणि ताक घ्यावे. आपल्या आयाबायांनी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, गाजर, वांगी, हरभरा यांची मिसळीची भाजी लावून दिली, ती थंडीला किती योग्य! तिळगूळ जरूर घ्यावा. पण गूळही साखरच. मधुमेह्याला एक कण पुरे.

गोड नसले तर पंगत उणी पडते काय? गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात श्रावणात लाखो माणसे जेवतात. घरोघरच्या भाकऱ्या येतात, कढईतली आमटी असते, आणि तोच महाप्रसाद!

म्हणून वाढणाऱ्याने विचारून वाढावे. घेणाऱ्याने पुरे झाल्यावर हात आडवा करावा, त्यात देवाचा अपमान नाही. औषध घेणाऱ्याने उपवासापूर्वी डॉक्टरांस विचारावे. प्रसाद कणानेही पावतो. आषाढीला याच पायांनी पंढरी गाठायची आहे. हा देह विठोबाची ठेव आहे, ती सांभाळू या.

रामकृष्ण हरि!