दोन्हीकडची गाठ

दोन्ही वृषणांत गाठ आहे म्हटलं की सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडायच्या आत घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. वृषणातल्या भरीव गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात, त्यामुळे वृषण काढून टाकू म्हणणाऱ्या सर्जनला दोष देता येत नाही. पण तो कर्करोग सहसा एकाच बाजूला होतो. गाठ दोन्हीकडे असेल, तर मूळ दुखणं भलतीकडेच असू शकतं. साठी उलटलेल्या माणसात लिम्फोमाची शंका घ्यावी. तरुण मुलात मात्र नजर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींकडे जायला हवी.

या ग्रंथींना कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवता येत नाही असा एक जन्मजात आजार आहे. साधारण पंधरा हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूतली पियूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडत राहते, आणि त्या रेट्याने अधिवृक्क ग्रंथी फुगतात. त्याच जातीच्या काही पेशी गर्भातच वृषणात जाऊन बसलेल्या असतात, असं मानतात. हुकूम त्यांनाही पोचतो आणि त्याही वाढतात. म्हणून गाठी दोन्हीकडे. त्या कर्करोगाच्या नसतात, पण शुक्रजंतूंच्या वाटेवरच वाढत असल्याने मूल होण्यात अडथळा आणतात.

बाल्टिमोरच्या डॉ. लॉसन विल्किन्स यांनी 1940 साली हाच आजार असलेल्या साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. तो बिस्किटांवरचं मीठ चाटून खायचा, त्याने सुरुवातीला शिकलेल्या शब्दांत ‘मीठ’ हा शब्द होता. इस्पितळात नेहमीचं जेवण सुरू झालं आणि आठवड्याभरात तो गेला. शरीरातून मीठ वाहून जात होतं, ते त्याच्या जिभेला कळलं होतं. मोठ्यांना तो हट्ट वाटला असणार. पुढे 1950 मध्ये विल्किन्स यांनीच या आजारावर कॉर्टिसोन वापरून दाखवलं.

गोळी मिळाली तरी चाकू थांबला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठींतल्या पेशी वृषणाच्याच लायडिग पेशींच्या गाठीसारख्या दिसतात, आणि त्या गोंधळात काही तरुणांची दोन्ही वृषणं गेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! खरं तर या आजारात मुलगा लवकर वयात येतो, म्हणून काही साधे प्रश्न पुरले असते: मिसरूड कधी फुटली? लहानपणी वर्गात सगळ्यांत उंच होता आणि मग वाढ खुंटली का? भावंडांत कुणाला असं काही आहे का? जोडीला 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी.

हे प्रश्न न विचारण्यामागे घाई असते, तशी लाजही असते असं मला वाटतं. शिवाय या आजाराच्या मुलीत जन्मतःच वेगळेपण दिसतं म्हणून तपासणी होते. मुलगा धडधाकट दिसतो, लवकर वयात आला तर घरच्यांना कौतुकच. निदान झालेल्यांचीही गत फार बरी नसते. शाळेत असेपर्यंत आई गोळ्या मोजून देते. पोरगा शिक्षणाला बाहेर पडला की डोस चुकतात, बालरोगतज्ज्ञ सुटतो आणि पुढचा डॉक्टर कोण हे कुणीच ठरवलेलं नसतं. गाठ नवी असेल तर स्टेरॉइडचा डोस नीट बसवल्यावर ती पुष्कळदा आक्रसते. वर्षानुवर्षांची गाठ मात्र आतून निबर होते, औषधाला दाद देत नाही. मग वृषण राखून ती कोरून काढली, दुखणं थांबलं, तरी शुक्रजंतू बहुधा परत येत नाहीत.