नकाशावरची हिरवी कड

फोनवरच्या नकाशात ‘महामार्ग टाळा’ असा पर्याय असतो. तो निवडून पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे जायचा रस्ता मागितला, तर फोन द्रुतगती मार्ग निमूटपणे वगळतो आणि बऱ्याचदा त्याच्याच शेजारून, त्याच खोऱ्यातून जाणारा दुसरा रस्ता हातात ठेवतो. त्यावर टोल वाचवणारे ट्रक असतात. थोड्या थोड्या अंतरावर गोल चौक येतात आणि शहर जवळ आलं की फर्निचरच्या, टायरच्या, बागकामाच्या सामानाच्या दुकानांची पत्र्याची लांबलचक गोदामं सुरू होतात. गाडी फ्रान्समध्ये असते, पण ज्यासाठी वाट वाकडी केली तो फ्रान्स काही दिसत नाही. काय नको, एवढंच फोनला सांगता येतं. काय हवं, हे माणसाला स्वतः ठरवावं लागतं, आणि अशा प्रवासाची आखणी तिथून सुरू होते.

निवडायला पुष्कळ आहे. फ्रान्समध्ये सगळे मिळून सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यात द्रुतगती मार्ग जेमतेम बारा हजार किलोमीटर, म्हणजे शंभरातला एक. उरलेले बहुतेक जिल्ह्यांचे नाहीतर गावांचे. हे जाळं एवढं दाट कसं झालं, हे प्रवासाला निघण्यापूर्वी ठाऊक असावं असं मला वाटतं. १७३८ पासून राजसत्तेने मोठ्या रस्त्यांसाठी शेतकऱ्यांकडून वेठबिगार घेण्याची पद्धत देशभर लागू केली. दगड फोडायला आणि माती वाहायला माणसं व बैल गावाने द्यायचे, मोबदला काही नाही. अर्थमंत्री त्युर्गोने १७७६ मध्ये ती बंद केली, पण त्याला पदावरून काढताच ती परत आली आणि १७८७ मध्ये एकदाची संपली. पुढे १८३६ च्या कायद्याने गावोगावचे छोटे रस्ते त्या त्या गावावर सोपवले. त्यासाठी वर्षाला तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत किंवा तेवढे पैसे गावकऱ्यांकडून घेता येत. आज आपण ज्या अरुंद, वळणावळणाच्या डांबरी पट्टीवरून खिडकी उघडी टाकून जातो, तिच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे असे बिनपगारी दिवस आहेत.

कोणता रस्ता घ्यावा यासाठी मी अजूनही मिशेलिनच्या कागदी नकाशावर विसंबतो. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे, लहान पांढरे. काही रस्त्यांच्या बाजूने बारीक हिरवी कड असते, आणि तिचा अर्थ इथून जाताना बघण्यासारखं आहे असा. हिरवी कड असलेला पांढरा रस्ता दिसला की माझं बोट तिथे थांबतं. कुणीतरी तो रस्ता पाहून, तोलून ती कड ओढायचं ठरवलं आहे. तो निवाडा आहे, आणि निवाड्याशी वाद घालता येतो. दरी, कडा, नदीकाठ यांना हिरवी कड चटकन मिळते. बोस प्रांतातल्या गव्हाच्या सपाट विस्ताराला ती क्वचित मिळते. पण तिथेही क्षितिजावर शार्त्रच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे उगवतात आणि गाव कुठे दिसत नसताना ते हळूहळू वाढत जातात, तो अनुभव मला एखाद्या दरीइतकाच मोलाचा वाटतो. नकाशाचा निवाडा आधी मानावा आणि मग आपला त्यात घालावा.

बघण्यासारखं काय आहे हे सांगण्यासाठी द्रुतगती मार्गाने स्वतःचा एक उपाय शोधला आहे. गेली सुमारे पन्नास वर्षं त्याच्या कडेला तपकिरी पाट्या आहेत: किल्ला, द्राक्षमळे, चर्च, एखादा पक्षी. मूळचे स्वित्झर्लंडचे चित्रकार जाँ विडमर यांनी १९७० च्या दशकात त्यांची पहिली सुबक चिन्हं आखली. गावाला वळसा घालून जाणारा रस्ता गावाचं चित्र दाखवतो आणि १३० च्या वेगाने पुढे नेतो. मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात विमानतळ आणि मोठी दुकानं यांच्यासोबत अशा मार्गांनाही ‘अ-स्थळ’ म्हटलं, आणि या पाट्यांची दखल घेतली. मुंबई-पुण्याहून युरोप बघायला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या बसेस पॅरिस सोडून स्वित्झर्लंडकडे निघतात त्या याच मार्गांनी. बरगंडी कधी आली आणि कधी गेली हे पाटी वाचली तरच कळतं. दहा-बारा दिवसांत पाच देश दाखवायचे तर त्याला इलाज नाही, हे मान्य. पण त्यामुळे फ्रान्स म्हणजे पॅरिस, अशी समजूत पक्की होऊन परत येणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र सारा दोष रस्त्याच्या माथी मारणं मला पटत नाही. लेखक हूलियो कोर्तासार आणि त्यांची पत्नी कॅरल डनलॉप १९८२ च्या मे-जूनमध्ये पॅरिसहून मार्सेला द्रुतगती मार्गानेच गेले. नियम असा की मार्ग सोडायचा नाही, रोज फक्त दोन विश्रांतितळ गाठायचे आणि दुसऱ्यावर मुक्काम करायचा. एका दिवसाचा प्रवास त्यांनी महिनाभर पुरवला आणि त्यावर दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. झाडं, मुंग्या, ट्रकचालक, सगळं त्यांना तिथे भेटलं. म्हणजे वेळ द्यायची तयारी असेल तर कुंपणाआडही बघण्यासारखं सापडतं. त्यांना मिळालं नाही ते एवढंच: ज्या मुलखातून ते जात होते तिथल्या लोकांचा दिवस. तो बघायचा तर गावातूनच जायला हवं.

आणि गावातून जाणारे, डोंगरावरून जाणारे हे देखणे रस्ते मुळात देखावे बघण्यासाठी झालेच नव्हते. मोठा रस्ता टाळून केलेला फ्रान्सच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रवास नेपोलियनचा. १ मार्च १८१५ रोजी एल्बा बेटावरून निसटून तो गोल्फ-ज्युआंच्या किनाऱ्यावर उतरला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातला सोपा रस्ता राजाच्या बाजूच्या प्रोव्हान्समधून जात होता, म्हणून त्याने आल्प्सची वाट धरली. ग्रासच्या पुढे गाडीवाट नव्हती. तोफा तिथेच सोडून, खेचरांच्या पायवाटेने, बर्फातून हजारभर माणसं निघाली आणि ७ मार्चला ग्रनोब्लला पोचली. त्या वाटेवर १९३२ मध्ये पर्यटकांसाठी ‘रूत नापोलेओं’ सुरू झाला. आज त्यावर मोटारसायकलवाल्यांची रांग असते. व्होज पर्वतातला शिखरमार्ग असाच. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने तो आघाडीला रसद पुरवण्यासाठी काढला आणि जर्मन तोफांच्या नजरेआड राहावा म्हणून बराचसा पश्चिम उताराने नेला. त्याच मार्गावरच्या ग्राँ बालों शिखरावरून अल्सासचं मैदान बघताना, थोडंच खाली हार्टमानस्वीलरकोफचं रणांगण आणि हजारो सैनिकांची दफनभूमी आहे, हे विसरता येत नाही.

माझ्या मनातला रस्ता मात्र यांच्याहून शांत आहे. मध्य पठारावरच्या ल प्वी गावाहून दक्षिणेकडे निघावं. काळ्या लाव्हाच्या दगडाची घरं मागे पडतात, प्रादेल आणि लांगोन्य येतं आणि पुढे ल ब्लेमारपासून डी २० हा जिल्हामार्ग मों लोझेर डोंगरावर चढतो. १५४१ मीटरवरच्या फिनिएल खिंडीत झाडं संपलेली असतात. गवत, रानफुलं आणि ग्रॅनाइटचे गोल धोंडे. तिथून उतरलं की तार्न नदीवरचं ल पों-द-मोंव्हेर. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ मध्ये मोदेस्तीन नावाच्या गाढवीला घेऊन याच बाजूने बारा दिवस चालला होता. त्याला डोंगरांची ओढ होती, तशीच इथल्या प्रोटेस्टंट बंडखोरांच्या इतिहासाचीही. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. २४ जुलै १७०२ च्या रात्री याच गावात, प्रोटेस्टंटांना कोंडून छळणाऱ्या आबे द्यू शेला या पाद्र्याला लोकांनी ठार केलं आणि कामिझार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रोटेस्टंटांचं बंड पेटलं. ते मोडण्यासाठी राजाच्या सैन्याने शेकडो वाड्या-वस्त्या जाळल्या.

पुढे फ्लोराकहून सां-जां-द्यू-गारला जाताना एक रस्ता खाली दरीतून जातो आणि एक वर डोंगराच्या कण्यावरून. वरच्याला ‘कॉर्निश दे सेव्हेन’ म्हणतात आणि नकाशात त्याला हिरवी कड आहे. दोन्ही बाजूंना एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा दिसतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा रस्ता सैन्याच्या हालचालींसाठी रुंद केला, कारण दऱ्यांमध्ये दबा धरून बसलेल्या बंडखोरांपासून सैन्याला वरून सुरक्षित जायचं होतं. आपल्याला जो देखावा वाटतो ती पहाऱ्याची जागा होती. मला यामुळे तो रस्ता कमी सुंदर वाटत नाही. उलट तिथे गाडी थांबवून समोर बघताना आपण काय बघतो आहोत हे नीट कळतं.

या डोंगरांची आजची शोभाही श्रमाची आहे. युनेस्कोने २०११ मध्ये कॉस आणि सेव्हेनचा हा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो मेंढपाळ शेतीने घडवलेला प्रदेश म्हणून. उन्हाळ्यात कळप वर नेण्याच्या जुन्या वाटा, दगड रचून केलेल्या पायऱ्यांची शेतं, चेस्टनटच्या बागा. मेंढ्या चरल्या नाहीत तर तिथे झुडपं माजतात आणि ज्या मोकळ्या माळासाठी आपण एवढे लांब आलो तो नाहीसा होतो. म्हणून समोर कळप आला की गाडी बंद करून बसावं.

आखणी करताना किलोमीटर मोजून भागत नाही, तास मोजावे लागतात. दुभाजक नसलेल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर सर्वसाधारण मर्यादा ८० ची, काही ठिकाणी ९०. गावाच्या नावाची लाल चौकटीची पाटी आली की वेगळं काही लिहिलेलं नसलं तरी ५०, आणि नावावर लाल तिरपी रेघ असलेली पाटी येईपर्यंत ५०च. वळणं, ट्रॅक्टर आणि डोळे यांचा हिशेब धरला तर डोंगरात तासाला चाळीस किलोमीटर पुष्कळ झाले, आणि दिवसाला दीडशेहून जास्त ठेवूच नयेत. आपल्या रस्त्याला अग्रक्रम देणारी पिवळ्या चौकोनाची पाटी मागे पडून काट मारलेली तशीच पाटी आली, तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. उजव्या बाजूने चालवण्याची सवय नसलेल्या आपल्या माणसाने हे घरीच शिकून घ्यावं, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतानाच. पॅरिसहून आगगाडीने क्लेरमों-फेराँला जाऊन तिथे गाडी भाड्याने घेतली तर उत्तमच. द्रुतगती मार्ग टाळण्याचं व्रत घेऊन पॅरिसच्या उपनगरांत अर्धा दिवस घालवण्यात काही अर्थ नाही.

जेवण बारा ते दोन. अडीचला लहान गावात पोचलं तर भटारखाना बंद झालेला असतो, दुकानंही दुपारची झोप घेत असतात आणि सोमवारी बऱ्याच ठिकाणी दारं उघडतच नाहीत. शाकाहारी माणसाने सकाळीच पाव, चीज आणि फळं घेऊन ठेवावीत. आपल्याकडच्या पर्यटकांना हे अडवणुकीसारखं वाटतं. मला ते तिथल्या दिवसाचं वेळापत्रक वाटतं. आपण त्यांच्या गावात आलो आहोत, तर त्यांच्या घड्याळाने चालावं.

कारण हा संथ रस्ता आपण निवडलेला असतो, आणि तिथल्या माणसाला दुसरा रस्ताच नसतो. जुलै २०१८ मध्ये सरकारने या रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० वर आणली. अपघाती मृत्यू कमी व्हावेत हा हेतू रास्त होता. पण कामाला, दवाखान्याला, शाळेला रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी हाकणाऱ्या खेड्यातल्या लोकांना तो शहरातून आलेला हुकूम वाटला. त्यात इंधनावरच्या करवाढीची भर पडली आणि १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घातलेली माणसं देशभरच्या गोल चौकांमध्ये येऊन उभी राहिली. तो सगळा राग वेगमर्यादेचा नव्हता, पण ज्या रस्त्यांना आपण निसर्गरम्य म्हणतो त्यांच्यावर अवलंबून जगणाऱ्यांचा राग हा त्याचा मोठाच भाग होता.

गावांचं आणि रहदारीचं नातंही सरळ नाही. पॅरिसहून इटलीच्या सीमेपर्यंत जाणारा राष्ट्रीय मार्ग ७ एकेकाळी सुट्टीचा रस्ता म्हणून एवढा लाडका होता की १९५५ मध्ये शार्ल त्रनेने त्यावर गाणं केलं. १९७० मध्ये पॅरिसहून मार्सेपर्यंतचा द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि वाटेवरच्या हॉटेलांचं, पेट्रोलपंपांचं गिऱ्हाईक आटलं. याउलट मियो गाव उन्हाळ्यातल्या कोंडीने घुसमटत होतं. २००४ मध्ये तार्नच्या खोऱ्यावर ३४३ मीटर उंचीचा पूल झाला, तेव्हा गावाने श्वास घेतला. एका गावाला गाड्या हव्या होत्या, दुसऱ्याला त्या नकोशा झाल्या होत्या, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं.

म्हणून मी जुलै-ऑगस्ट सोडून मेचा शेवट किंवा सप्टेंबर सुचवतो. फिनिएल खिंडीतलं बर्फ वितळलेलं असतं आणि गावातल्या वळणांवर गाड्यांची रांग नसते. मुक्काम शहराच्या कडेच्या साखळी हॉटेलात न करता ल पों-द-मोंव्हेरसारख्या गावात दोन रात्री करावा, पेट्रोल आणि पाव तिथेच घ्यावा. मागून गाडी आली आणि चालक घाईत दिसला, तर जागा बघून बाजूला व्हावं आणि त्याला पुढे जाऊ द्यावं. त्याला कामावर पोचायचं असतं.