जोड आणि तास

मामांचा भोकरमधला फोटो स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मागच्या भिंतीवर रंगवलेला पडदा, कोपऱ्यात लाकडी तिवई, आणि काचेच्या कपाटात यशिका इलेक्ट्रो ३५. हे मॉडेल जपानी कंपनीनं १९६६ साली काढलं. मामांच्या हातात आलं ते कुणीतरी वापरून झाल्यावर. तरी तालुक्यातली कितीतरी लग्नं, बारशी, दहावीचे पासपोर्ट फोटो आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्यांचे शेवटचे फोटो तिच्यातूनच निघाले.

ती रेंजफाइंडर जातीची. असल्या कॅमेऱ्याला पुढून लेन्सखेरीज दोन डोळे असतात, एक मोठी खिडकी आणि थोड्या अंतरावर एक बारकी. मोठीतून आपण बघतो. बारकीतून आलेलं चित्र आतल्या आरशांवरून फिरून मोठीच्या मधोमध पिवळसर ठिपक्यात येऊन बसतं. ते आधी बाजूला सरकलेलं, दुहेरी दिसतं. लेन्सचं कडं फिरवत जायचं, दोन्ही चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. मामा त्याला 'जोड जुळली' म्हणायचे. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून हेच शिकलो.

मुंबईत नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी सेकंडहँड लायका घेतला, एम टाइप २४०. जातीनं तोही रेंजफाइंडर. पण २०१२ साली जाहीर झालेल्या या मॉडेलात लायकानं एक नवी सोय केली होती. फ्लॅश बसवतात त्या जागी वरून एक छोटा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सरकवून बसवता येतो. त्याला डोळा लावला की आत चिमुकला पडदा दिसतो, आणि पडद्यावर लेन्समधून सेन्सरवर जे पडतंय नेमकं तेच. कडं फिरवलं की मधला भाग आपोआप मोठा होऊन दिसतो. व्ह्यूफाइंडर वर वळवून, कॅमेरा जमिनीलगत धरून, वाकून वरूनही बघता येतं.

हा फरक मोठा आहे. खिडकीतून बघणारा माणूस लेन्समधून बघतच नाही. खिडकी आपल्या जागी, लेन्स आपल्या जागी. लेन्स पुढंमागं झाली की कॅमेऱ्याच्या आतलं एक छोटंसं चाक दाबलं जातं आणि ठिपका सरकतो, एवढंच दोघांमधलं नातं. ही उणीव लायका बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. १९५४ साली त्यांनी एम३ काढला, त्याची खिडकी आजही नावाजली जाते. आणि त्याच दशकात व्हिझोफ्लेक्स नावाची आरशाची पेटीही विकली, ती कॅमेऱ्याला जोडली की लेन्समधून थेट बघता यायचं. आजच्या इलेक्ट्रॉनिक जोडणीलाही पुढं तेच नाव मिळालं. खिडकीचा अभिमान धरणाऱ्यांनीच दुसरा डोळाही करून दिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका वर्षी पोळ्याला मी नंदिग्राम एक्स्प्रेसनं भोकरला निघालो. मुदखेडच्या अलीकडं बॅग आवरताना कॅमेरा वरच्या बर्थवरून खाली पडला. जीव गोळा झाला. उचलला, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर चढवला, खिडकीबाहेरच्या सोयाबीनचा एक फोटो घेतला. स्वच्छ आला. मी निश्चिंत झालो. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून बघावं हे मनातही आलं नाही, कारण कित्येक महिने मी तिच्यातून बघतच नव्हतो.

मामांनी कॅमेरा हातात घेऊन वजन जोखलं. मग वरच्या जोडणीत डोकावून लगेच डोळा काढला.

"ही टोपी कशाला घातलीस बे त्याला?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी पुन्हा बघितलं.

"टीव्ही दिसूलालाय हा. अन् फ्लॅश कुठं लावायचा? त्याची जागा हिनंच खाल्ली की. अन् ह्यात चौकटीभायेरचं काईच दिसंना. बैल कोनीकडून येऊलालाय ते कसं कळावं?"

त्यांचं खोटं नव्हतं. रेंजफाइंडरच्या खिडकीत चौकटीच्या रेघा असतात, पण रेघांच्या बाहेरचं जगही दिसतं. लांबची लेन्स लावली की चौकट बारीक होते आणि भोवतीचा मोकळा भाग वाढतो. येणारं माणूस चौकटीत शिरण्याआधीच कळतं. इलेक्ट्रॉनिक पडद्यावर ते आत आल्यावरच कळतं. तरी मी हुज्जत घातली. नव्या वस्तूची बाजू घेणारा माणूस ऐकत नसतो.

खांदमळणीच्या संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या आजींनी बोलावलं. त्यांच्याकडं एकच जोडी उरली होती. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं, आणि उद्या जेवायला या असं बैलांना आवतण द्यायचं, हे काम आजी घरात दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मामा म्हणाले, "आज तुझा कॅमेरा दे. टोपी काढून दे."

मी काढून दिली. ९० मिलिमीटरची लेन्स लावलेली, उजेड मावळत आलेला, म्हणून छिद्र दोनवर पूर्ण उघडं. मामा गुडघ्यावर बसले. आजींचा हात हळदीनं पिवळा झालेला, मागं बैलानं मान वळवलेली. मामांनी घाई केली नाही. एकेक करत ३४ फोटो काढले. दर वेळी ओठांतल्या ओठांत तोच शब्द, जोड जुळली.

रात्री लॅपटॉपवर पाहिले. आजींचे डोळे धुक्यात होते. त्यांच्या मागचा बैलाचा कान मात्र असा स्वच्छ, की त्यावरचा केस न् केस मोजावा. एक, दुसरा, दहावा, सगळे तसेच. मामी पुरणाची डाळ निवडत बसली होती, तीही थांबली.

मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी नांदेडला झालं होतं. ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "डोळा गेला."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय झालं मामा, चालायचंच. उद्या मी काढतो." मायेनंच म्हणालो. रेल्वेत कॅमेरा पडल्याचं माझ्या ध्यानातही नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी मामा घराबाहेर पडले नाहीत. मारुतीच्या देवळापुढं बैल जमले होते. शिंगांना रंग, बेगड, अंगावर झुली, पायांत घुंगरू. आपल्याकडं बैलांचं लग्न लावतात तशी मंगलाष्टकं चालली होती. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फोटो घेत होतो आणि ते एकूणएक स्वच्छ येत होते. घरी आलो तर मामांनी कपाटातली यशिका काढून तिचा पट्टा गुंडाळून ठेवला होता. मामी मला खुणेनं म्हणाली, बोलू नको.

दुसऱ्या दिवशी कर. पहाटेच मामांनी मला हलवून उठवलं. लॅपटॉप त्यांच्यापुढं उघडा होता. रात्रभर ते तेच ३४ फोटो बघत बसले असावेत.

"ऊठ. मला एक सांग. मानसाचा डोळा चुकला तर कसा चुकंल? कधी पुढं, कधी मागं. चौतीसच्या चौतीस वेळा मागंच कामून चुकंल? अन् तेवढंच मागं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्या फोटोंत म्हातारपण बघून गप्प झालो होतो. त्यांनी चूक कुठल्या दिशेला होते ते बघितलं होतं.

मामांनी तिवई मांडली. भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर तिरकं उभं केलं, एक कड जवळ, दुसरी लांब. छिद्र दोनवर. टोपी काढलेली. खिडकीतून बघून त्यांनी मधल्या तारखेवर जोड जुळवली आणि मलाही बघायला लावलं. जुळली होती, माझ्याही डोळ्याला. मग कड्याला हात न लावता त्यांनी स्वतःच्या हातानं टोपी चढवली आणि तिच्यात पाहिलं. मधली तारीख पुसट होती. तिच्या मागच्या रांगेतल्या तारखा लखलखीत. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच.

"पडला व्हता का कुठं?" मामांनी विचारलं.

तेव्हा मला मुदखेड आठवलं. मी सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. दणका बसून खिडकी आणि लेन्स यांचं नातं किंचित हललं होतं. दीड मीटरवर, ९० च्या लेन्सला, छिद्र दोनवर असताना स्वच्छ येणारी पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटर जाड असते; तेवढ्यात किंचितही पुष्कळ होतं. भर दिवसा, छिद्र आठवर असतं, तर हीच पट्टी चौपट जाड झाली असती आणि चूक तिच्यात झाकली गेली असती. तिन्हीसांजेनं ती उघडी पाडली. आणि मी कायम टोपीतूनच बघत असल्यामुळं खिडकी खोटं बोलतेय हे मला कधी कळलंच नसतं. माझ्या सोयीनं माझ्यापुरतं निभावलं, आणि खोटा कॅमेरा मी खऱ्या डोळ्याच्या हातात दिला.

मामा रागावले नाहीत. नांगरामागं जमिनीत तास काढलेल्या माणसासारखं म्हणाले, "जोड जुळली म्हन्जे तास सरळ पडला, आसं नसतं बाळा. तास मागं वळून बघाव लागतो. मी चाळीस वर्सं जोडच बघत आलो." मग टोपीला बोट लावून, "ही तास दाखवती. चांगली हाय."

"पण बाहेरचं दिसत नाही हिच्यातून," मी म्हणालो.

"मून दोन्ही लागतेत."

त्याच दिवशी आम्ही आजींकडं गेलो. बैलांच्या शिंगांवरचा रंग तसाच होता. आजी म्हणाल्या, काल का आला नाहीस रे, तुझी वाट बघितली. मामांनी आधी खिडकीतून सगळं अंगण बघून घेतलं, कोण कुठून येतंय, वासरू कुठं बांधलंय. मग टोपी चढवून ती वर वळवली, कॅमेरा पोटाशी धरला आणि खाली बघत फोकस केला. चेहरा झाकलेला नसल्यामुळं आजी कॅमेऱ्याशी नव्हे, मामांशी बोलत राहिल्या. बोलता बोलता त्यांनी बैलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि डावीकडून वासरू येतंय हे मामांनी नुसत्या डोळ्यांनी बघून क्षणभर थांबून बटण दाबलं.

पुढं मी मुंबईला कॅमेरा दुरुस्तीला दिला. यशिकाचा पट्टा मामांनी पुन्हा उलगडला. आजींच्या घरात भिंतीवर लागलेला फोटो करीच्या दिवशीचा आहे, वासरासकट. खांदमळणीच्या संध्याकाळचे ३४ फोटो माझ्याकडं आहेत, एकही पुसलेला नाही. त्या प्रत्येकात बैलाचा कान अगदी स्वच्छ आलेला आहे.