द्वेष नसणे पुरेसे नाही

भिलाईजवळच्या नंदिनी नगरसारख्या, चुनखडीच्या खाणींभोवती वसलेल्या वसाहतीत बहुतेकांना ज्यू माणूस प्रत्यक्ष कधी भेटलेला नसतो. तरीही आकाशवाणीची ती ओळखीची सकाळची धून इथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकली गेली. ती ज्यांची रचना मानली जाते ते वॉल्टर कॉफमन ज्यू होते. युरोपावर नाझींचे सावट पसरत असताना, 1934 मध्ये, ते मुंबईला आले.

महाराष्ट्राचे ज्यूंशी नाते तर कितीतरी जुने. कोकणात स्थिरावलेल्या बेने इस्रायलींनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. दिवेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावे इथल्याच गावांवरून आली. कीर्तने त्यांनी मराठीत केली. सॅम्युअल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत स्थापन केलेले सिनेगॉग आजही आहे, अलिबागेत इस्रायल आळी आहे. ज्यूंना या भूमीने छळले नाही याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे.

पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. 2006 मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडले. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. असे नाव खपून जाईल असे वाटू शकते, इथेच आपली उणीव उघडी पडते. हिटलरचे आत्मचरित्र आजही यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी विकले जाते. त्याच्या शिस्तीचे गोडवे गाणारा माणूस पुढच्याच वाक्यात इस्रायलचेही कौतुक करतो. दोन्हीकडे त्याला भुरळ पडते ती ताकदीची. मारली गेलेली माणसे त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

ती माणसे हिशेबात आणणे हेच स्मरणाचे काम आहे. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. आरंभ विषारी वायूच्या कोठड्यांनी झाला नव्हता. 1933 मध्ये जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार आला, 1935 मध्ये नागरिकत्व हिरावणारे कायदे झाले, 1938 मध्ये सिनेगॉग जाळली गेली. दर पायरीला असंख्य शेजारी गप्प राहिले. जातीचा बहिष्कार पाहिलेल्या समाजाला या पायऱ्या अनोळखी नाहीत. नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यता यांच्यातले साम्य डॉ. आंबेडकरांनी नि:संदिग्धपणे दाखवून दिले होते.

हा ज्यूद्वेष आपल्या दारातही येऊन गेला आहे. 26 नोव्हेंबर 2008 ला सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रातील रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्हका आणि आणखी चौघे मारले गेले. त्यांच्या जवळपास दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांनी जिवावर उदार होऊन बाहेर काढले.

इस्रायल सरकारवर टीका करण्याचा, पॅलेस्टिनी जनतेच्या दुःखाविषयी बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र त्या सरकारच्या कृत्यांचा जाब ठाण्यातल्या एखाद्या ज्यू कुटुंबाला विचारणे हा निखळ ज्यूद्वेष होय.

27 जानेवारी 1945 रोजी आउश्वित्झची छळछावणी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये हा दिवस ज्यूंच्या संहाराच्या स्मरणासाठी ठरवला. आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो. संविधानाच्या उद्देशिकेतली बंधुता आदल्या दिवशी मुलांकडून म्हणवून घेणाऱ्या शाळांनी, वाचनालयांनी आणि भिलाईपासून मुंबईपर्यंतच्या मराठी मंडळांनी दुसऱ्या दिवशी एक तास या इतिहासाला द्यावा. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठीत उपलब्ध आहे. तिच्यातली चार पाने मुलांसोबत वाचा, आणि हिटलरची वाहवा कानावर आली की तिथल्या तिथे ती खोडून काढा.