शंभर शरद

"आम्ही तुझ्यापेक्षां चार पावसाळे अधिक पाहिले आहेत," हें वाक्य ज्यानें लहानपणीं ऐकलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. आणि मोठेपणीं तें दुसऱ्यास ऐकविलें नाहीं असा तर त्याहूनही विरळा. वादांतला मुद्दा संपला कीं वय पुढें येतें, आणि वयाचें माप म्हणून पावसाळा पुढें येतो. 'वर्ष' हा शब्द तरी पावसाशींच निगडित आहे.

परंतु आपल्या पूर्वजांपाशीं आयुष्याचें दुसरेंही एक माप होतें. दीर्घायुष्याच्या वैदिक प्रार्थनेंत शंभर शरद मागितले आहेत. तेथें 'शरद' म्हणजे वर्षच, असें कोशकार सांगतील, आणि तें खरें आहे. फारसींतून मराठींत आलेला 'साल' हा शब्दही मुळांत 'शरद्' याच घराण्यांतला; तेव्हां 'सालाबादप्रमाणें' असें लिहिणारा कारकून नकळत शरदच मोजीत असतो! मग हीं दोन्ही मापें एकच म्हणावयाचीं काय? संख्येनें एकच, अर्थानें मात्र तीं मला निराळीं वाटतात.

पाऊस म्हणजे वरून जें मिळालें तें. त्याचें पुढें काय झालें, हें शरदांत कळतें. यास्कानें निरुक्तांत या शब्दाची उपपत्ति सांगतांना, या ऋतूंत वनस्पति पक्व होतात, इकडे लक्ष वेधलें आहे. आश्विनांत गढूळ ओढे निवळतात, भाताच्या लोंब्या दाण्यांनीं वाकतात. इंग्रजी काव्याच्या सहवासानें आपण 'ऑटम'ला शरद म्हणूं लागलों आणि पानगळीची उदासी त्याच्या माथीं मारली. आपल्याकडे ती शिशिराची. आपला शरद ओसरण्याचा नव्हे, निवळण्याचा ऋतु आहे.

येथें कोणी म्हणेल, 'शरदाचें हें वर्णन फार गोड झालें. वैद्य तर या ऋतूला आपली माता म्हणतात, इतकीं दुखणीं तो आणतो. आश्विनांतलें ऊन अंग भाजून काढतें.' आक्षेप रास्त आहे. पण त्यानें माझेंच म्हणणें पुष्ट होतें. आकाश निरभ्र झालें म्हणूनच ऊन बोंचतें. अनुभव निवळला कीं स्वतःच्या चुकाही स्वच्छ दिसूं लागतात, आणि तें दर्शन सुखाचें नसतें. पुष्कळांना आयुष्यभर ढगाळ हवाच बरी वाटते, ती यामुळेंच.

साठ पावसाळे पाहिलेल्या मनुष्याचे शरद साठच भरतील असें नाहीं. पाऊस किती पडावा हें आपल्या हातीं नाहीं. पाणी ढवळणें थांबवावें, एवढें मात्र आहे. यापुढें घरांतल्या मुलाला आपले पावसाळे ऐकवावयाचा मोह झाला, तर आपण क्षणभर थांबून शरद मोजावे. हिशेब कमी भरला, तर निदान त्या मुलाचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें.