पायपीट कुणाची?

शब्द जुना ठेवून अर्थ फिरवणे ही सरकारी कागदाची जुनीच खोड आहे. 'समूह शाळा' हा तिचा ताजा नमुना. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा निघाल्या १४,७८३. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारचे तोरणमाळ ही नावे आदर्श म्हणून पुढे केली गेली. किनवट-माहूरचा तांडा असो की जळकोट-अहमदपूरकडची डोंगरातली वाडी, तिथल्या शाळेच्या डोक्यावर तेव्हापासून वीसचा आकडा टांगलेला आहे. समर्थक सांगतात, हे तर कोठारी आयोगाचेच स्वप्न. विरोधक म्हणतात, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे पाप. दोघांचे भांडण कडाक्याचे आहे, पण दोघांनीही मूळ मजकूर चुकीचाच वाचला आहे, असे माझे मत आहे.

फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन, शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १९६२ साली स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. मराठवाडा त्यात उशिरा सामील झाला, कारण निजामाच्या राजवटीत खेड्यातल्या मराठी शाळेला वालीच नव्हता. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यासाठी निवडलेले पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते. नांदेड आणि लातूर त्यांत होते. निकष होता स्त्री-साक्षरतेचा, आणि त्यात हे जिल्हे देशाच्या सरासरीच्या मागे होते. पुढे वस्तीशाळा आल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. या सगळ्या काळात धोरणे बदलली, सरकारे बदलली, पण चालण्याची दिशा एकच राहिली. शाळा मुलाकडे चालत गेली.

आता मूळ मजकूर पाहू. कोठारी शिक्षण आयोगाचा अहवाल १९६६ चा. त्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या अहवालातली 'शाळा संकुल' ही कल्पना म्हणजे शाळा बंद करण्याची योजना नव्हे. आयोगाला खुपत होते ते शाळेचे एकटेपण. खेड्यातला मास्तर आपल्या चार भिंतींत एकटा पडतो, त्याच्याशी दोन शब्द बोलणारा समव्यवसायी नसतो, पुस्तके नसतात, साधने नसतात. म्हणून परिसरातले माध्यमिक विद्यालय, त्याच्या भोवतीच्या उच्च प्राथमिक आणि त्यांच्या भोवतीच्या प्राथमिक शाळा एकमेकांना बांधाव्यात. एकाची प्रयोगशाळा दुसऱ्याने वापरावी, ग्रंथालय फिरते असावे, शिक्षकांनी एकत्र बसून नियोजन करावे, आणि खात्याने आपले काही अधिकार या गटाला सोडावेत. लहान मुलाला साधारण मैलभराच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असे हाच अहवाल सांगतो. न परवडणाऱ्या शाळा उगाच उघडू नयेत, त्यांच्या जागांचे नीट नियोजन करावे, हेही त्यात आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण जागांचे नियोजन वेगळे आणि संकुल वेगळे. संकुलात फिरायचे ते पुस्तकाने, साधनाने आणि गुरुजींनी. मूल होते तिथेच राहणार होते.

२०२० च्या धोरणाने हीच कल्पना पुन्हा उचलली आणि आयोगाची शिफारस अमलात आलीच नाही, अशी कबुलीही दिली. पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातले एक माध्यमिक विद्यालय आणि अंगणवाडीपर्यंतच्या बाकी सगळ्या शाळा, हे त्यातले संकुल. विरोधकांना न दिसणारे वाक्य त्याच प्रकरणात आहे. शाळांचे एकत्रीकरण फार विचारपूर्वक करावे, मुलाच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तरच करावे, आणि एवढे करूनही लहान शाळांचा मूळ प्रश्न त्याने सुटणार नाही, असे धोरण सांगते. म्हणजे संकुल हा विलीनीकरणाला पर्याय म्हणून मांडला आहे. विलीनीकरणाची वाट वेगळ्या दारातून आली. राजस्थानने २०१४ मध्ये हजारो शाळा एकमेकींत मिसळल्या, २०१७ पासून नीती आयोगाने काही राज्यांना सोबत घेऊन हाच मार्ग चालवला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा हलवण्याचा निर्णय झाला. त्या निर्णयाशी भांडता येत होते, कारण तो आपले नाव लपवत नव्हता. २०२३ ने तेच काम कोठारींचे धोतर नेसून केले.

गंमत अशी की महाराष्ट्रात संकुलाचा सांगाडा तीस वर्षांपासून उभा आहे. दहाएक शाळांचे केंद्र, त्याची केंद्रशाळा, तिथे भरणारी शिक्षण परिषद आणि राज्यभर केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे. यातली किती पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि जे आहेत त्यांचा किती वेळ माहिती भरून पाठवण्यात जातो, हे कुठल्याही झेडपी शिक्षकाला विचारावे. केंद्राला स्वतःचे फिरते ग्रंथालय, खेळाचा आणि चित्रकलेचा फिरता शिक्षक, रजेवर गेलेल्या गुरुजींच्या जागी जाणारा एक राखीव माणूस दिला असता तर नव्या शब्दाची गरज पडली नसती.

आता खरा आक्षेप, आणि तो हलका नाही. चार इयत्ता मिळून सात मुले, एका खोलीत एक शिक्षक, याला शाळा म्हणायचे का? बरोबरीची मुले नाहीत, खेळायला दोन संघ होत नाहीत, भांडायलासुद्धा पुरेसे कुणी नाही. हे मान्य. पण एका वर्गात अनेक इयत्ता शिकवणे ही आपत्ती नाही, ते एक तंत्र आहे. देवणी-उदगीरची हद्द ओलांडली की बिदर जिल्हा लागतो, आणि त्या कर्नाटकाने 'नली कली' पद्धत याच गृहीतावर सरकारी शाळांतून चालवली. आपण मात्र बहुवर्ग अध्यापन म्हणजे शिक्षक कमी पडल्यावरची तडजोड समजतो. बरोबरीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत सर्वांना जमवता येईल. त्यासाठी आठवड्याचे सहाही दिवस सहा वर्षांच्या पोराला गाव सोडायला लावण्याची गरज नाही. मोठे ते चांगले, हा समज लातूरमध्ये जरा जास्तच रुजला आहे, कारण 'लातूर पॅटर्न'ने गर्दी आणि गुण यांची सांगड लोकांच्या मनात घातली. पण त्या गर्दीत चाळणी लागते. पहिलीत चाळणी लावता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा: एवढ्याशा मुलांवर एवढा खर्च कशाला, त्यांना गाडीने मोठ्या शाळेत न्यावे. पावसाळ्यात लेंडी, मन्याड, तिरू या नद्यांना मिळणारे ओढे भरले की गाडी कुठे थांबते, हे त्या भागाला सांगायला नको. शिवाय पट हा काही निसर्गाने दिलेला आकडा नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याबरोबर मुले निघतात, म्हणून पट घटतो. ती थांबावीत यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ती उभी राहते गावातल्या शाळेच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या आधारावर, आजी-आजोबांच्या भरवशावर. शाळाच गेली तर मुले कारखान्याकडे जातील आणि पुढच्या वर्षी कागदावर लिहिता येईल की या वस्तीत मुलेच नाहीत. एसटीचा मोफत पास तरी आहे ना, असे कुणी म्हणेल. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना मुलींसाठी आहे आणि ती पाचवीपासून सुरू होते. पहिलीतली मुलगी शाळेसाठी एसटीत बसेल, असे ती योजना आखणाऱ्याच्या मनातही आले नव्हते.