गणवेश उतरल्यावर माणसाची किंमत किती?



दर वर्षी ४ डिसेंबरला आपल्या देशात नौदल दिन पाळला जातो. १९७१ च्या युद्धात त्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला, त्याची ही आठवण. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. नौकेचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला अखेरपर्यंत नौकेवरच राहिले. अशा माणसांपुढे आपण मान लववतो, आणि ते योग्यच आहे.

आज आम्ही जो प्रश्न तुमच्यापुढे ठेवत आहोत तो मात्र सुखरूप घरी परतलेल्यांबद्दलचा आहे. पंधरा-वीस वर्षे समुद्रावर सेवा करून एखादा नौसैनिक आपल्या गावी येतो, गणवेश पेटीत ठेवतो आणि वडिलांच्या चार-पाच एकरांत उतरतो. त्या दिवसापासून तो कोण? कालचा त्याचा मान खरा, की आजचे त्याचे कष्ट खरे? माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरते, की ते काम तो ज्या निष्ठेने करतो तीवरून?

आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गंगाखेडला गोदावरी आहे, पूर्णा आहे, दुधना आहे. पण समुद्र पाहायचा तर देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबई गाठावी लागते. तरीही आपल्याकडची मुले फौजेत जातात, काही नौदलातही जातात. पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले. काळ्या मातीत वाढलेला मुलगा ओडिशातील 'चिल्का' येथे प्रशिक्षण घेतो आणि मग आयुष्यातील उमेदीची वर्षे पाण्यावर काढतो.

नौकेवरचे जीवन शिस्तीचे असते. पहारा ठरलेल्या तासांचा. आपली पाळी संपली की दुसरा येतो, जबाबदारी हातात घेतो आणि पहिला झोपायला जातो. जेवण वेळेवर, पगार महिन्याला, आजारपणात डॉक्टर. किमान पंधरा वर्षे सेवा झाली की नौसैनिकाला आजन्म पेन्शन मिळते. चाळिशीच्या आत-बाहेर तो घरी येतो. गाव त्याला 'फौजी' म्हणते, ध्वजवंदनाला पुढे बसवते.

मग जून येतो. मृगाची वाट पाहणे सुरू होते. सोयाबीन, कापूस, तूर. पुढे ज्वारी आणि हरभरा. इथेही रात्रीचा पहारा आहे. विजेची पाळी रात्रीची असली की मध्यरात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावे लागते. विंचूकाट्याची भीती असते, चिखलात पाय असतात. फरक एवढाच की इथे चार तासांनी पाळी बदलायला कुणी येत नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली घातली. यांतील एकाही संकटानंतर शेतकऱ्याला कुणी पदक दिले नाही. हातातले पीक गेले तरी पुढच्या हंगामाची पेरणी करायची, एवढेच त्याच्या हाती राहिले.

इथे आपल्या मनाची परीक्षा होते. तोच माणूस, तेच हात, तीच शिस्त. तरी एका कामाला आपण देशसेवा म्हणतो आणि दुसऱ्याला नाइलाज. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली तेव्हा दोघांना एकाच ओळीत उभे केले होते. आपण मात्र हळूहळू त्या ओळीचे दोन भाग केले. मुलगी द्यायची वेळ आली की हे उघड होते. नोकरीवाला चालतो, फौजी चालतो. मुलगा शेती करतो म्हटले की सोयरीक जमत नाही. आणि मुलीच्या बापाने असे म्हणावे, तो बाप पुष्कळदा स्वतः शेतकरीच असतो! आपल्याच कष्टाची त्याला लाज वाटू लागली आहे. मराठवाड्यात शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण गेली कित्येक वर्षे वाचत आहोत. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणे आहेतच. पण ज्याच्या कामाला घरात आणि गावात किंमत उरत नाही, त्याला त्या कर्जाचे ओझे दुप्पट वाटते, हेही आपण विसरू नये.

कुणी म्हणेल, सैनिक जीव धोक्यात घालतो म्हणून त्याला पेन्शन आणि मान. त्यात चूक काय? काहीच चूक नाही. सैनिकाचा मान कमी करावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की मान गणवेशाला असेल तर तो गणवेशाबरोबर उतरतो. मान माणसाच्या निष्ठेला असेल तर तो शेतातही त्याच्यामागे गेला पाहिजे.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'बियास' या नौकेचे कप्तान होते. त्यांना वीरचक्र मिळाले. १९९० ते १९९३ या काळात ते भारतीय नौदलाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर त्यांना मोठ्या शहरात सुखाने राहता आले असते. परंतु ते पत्नी ललिताबाईंसह रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या भायमळा गावी राहायला गेले आणि शौर्याबद्दल मिळालेल्या जमिनीवर शेती करू लागले. ज्या पाकिस्तानविरुद्ध ते लढले होते, त्याच देशातील लोकांशी मैत्री व्हावी म्हणून ते झटले. २००४ साली त्यांना आणि पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. मार्च २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तलवारींचे नांगराचे फाळ होतील असे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले होते. एका मोठ्या सेनापतीने आपल्या उतारवयात ते आपल्यापुरते खरे करून दाखवले, असे आम्हांला वाटते.

नौदलप्रमुखाची पेन्शन आणि साध्या नौसैनिकाची पेन्शन यांत अंतर आहे, हे खरे. रामदास यांच्या घरची चूल सोयाबीनच्या भावावर अवलंबून नव्हती. म्हणूनच जो साधा नौसैनिक परभणीच्या कोरडवाहू रानात तेच करतो, त्याची निष्ठा आम्हांला तसूभरही कमी वाटत नाही.

पवित्र शास्त्र याविषयी काय सांगते? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले. शिपाईपण सोडा, असे त्याने सांगितले नाही. कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच सांगितले. कफर्णहूमच्या शताधिपतीचा विश्वास पाहून प्रभू येशूला आश्चर्य वाटले. कम्युनियन स्वीकारण्यापूर्वी आपण दर रविवारी जी प्रार्थना म्हणतो ती त्या सैनिकाच्याच बोलण्यावरून आली आहे. कर्नेल्य हा शताधिपती आपल्या सगळ्या घरादारासह देवभीरू होता, आणि त्याच्या घरी पेत्राने बाप्तिस्मा दिला तेव्हा परराष्ट्रीयांसाठी ख्रिस्तसभेचे दार उघडले. या तिघांपैकी एकाचाही हुद्दा देवाने मोजला नाही. त्याने पाहिले ते त्यांचे मन, त्यांचा प्रामाणिकपणा, आपल्या चाकराविषयी आणि कुटुंबाविषयी त्यांना असलेली कळकळ.

शेतकऱ्यांचेही तसेच. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पाच जणांना एकाच वेळी संतपद देण्यात आले. त्यांत लोयोलाचे संत इग्नेशियस होते, आविलाची संत तेरेजा होती आणि ज्यांचे पार्थिव गोव्यात आहे ते आपले संत फ्रान्सिस झेवियरही होते. त्यांच्याच रांगेत स्पेनमधील माद्रिदचा इसिदोर होता. तो ना संस्थापक, ना लेखक, ना मिशनरी. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा शेतमजूर. पहाटे देवाची प्रार्थना, दिवसभर नांगर, संध्याकाळी घर. त्याची पत्नी मरिया हिलाही ख्रिस्तसभा धन्यवादित मानते. फ्रान्सिस झेवियरने समुद्र ओलांडले, इसिदोरने शेताचे बांध. देवाच्या दृष्टीने दोघांची वाट सारखीच लांब होती.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सर्सेन्स' या विश्वपत्रात हाच विचार मांडला. कामाची प्रतिष्ठा ते काम कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही. ते करणारी व्यक्ती आहे, देवाची प्रतिमा आहे, म्हणून कामाला प्रतिष्ठा असते. त्याच पत्रात त्यांनी शेतकऱ्यांच्या कष्टांचा आणि त्यांना मिळणाऱ्या अपुऱ्या मानाचा वेगळा उल्लेख केला आहे.

या सगळ्या विचारात एक व्यक्ती मागे राहून जाते, ती म्हणजे घरची बाई. नवरा समुद्रावर असताना चार एकर कुणी सांभाळले? सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, खुरपणी, वेचणी, सोसायटीचे कर्ज, हे सर्व तिनेच निभावले. तिला ना गणवेश मिळाला ना पेन्शनीच्या कागदावर तिच्या कष्टांची नोंद झाली. परत आलेल्या नौसैनिकाने पहिली सलामी द्यावी तर तिला. चांगला कुटुंबवत्सल माणूस आम्ही त्यालाच म्हणू, जो घरी आल्यावर मालक होऊन बसत नाही. आपल्या गैरहजेरीत शेत कसे चालले हे आधी बायकोला विचारतो आणि मगच औताला हात घालतो.

हा प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. २०२२ पासून अग्निपथ योजना सुरू झाली. या योजनेत भरती झालेल्या मुलांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांश पुढे कायम होतात; बाकीचे चार वर्षांनी, पंचविशीच्या आसपास, सेवानिधीची रक्कम घेऊन घरी येतात. त्यांना पेन्शन नाही. ही योजना बरी की वाईट, हा या पानाचा विषय नाही. पण ती मुले आपल्याच गावात येणार आहेत. त्यांना आपण 'परत पाठवलेले' म्हणणार, की आपले म्हणून जवळ घेणार? त्यांनी शेती करायचे ठरवले तर हसणार, की सोबत उभे राहणार?

आपल्या धर्मग्रामात आपण काही गोष्टी सहज करू शकतो. नौदल दिनाला जशी सैनिकांसाठी प्रार्थना करतो, तशी पेरणीच्या आधी एका रविवारी बियाण्यावर आशीर्वाद मागून शेतकऱ्यांसाठी आणि शेतमजुरांसाठी प्रार्थना करावी. गावात जो माजी सैनिक शेती करतो, त्याला केवळ ध्वजवंदनाला न बोलावता तरुणांशी बोलायला बोलवावे. बँकेचे व्यवहार, विमा, हिशेबाची शिस्त यांविषयी त्याचा अनुभव कामी येईल. आणि लग्नाची बोलणी करताना मुलगा काय करतो एवढेच न विचारता, तो आईबापांशी कसा वागतो, व्यसन करतो का, बहिणीला मान देतो का, हे विचारावे. नापिकीच्या वर्षी शेजारचा शेतकरी गप्प गप्प राहू लागला, मिस्साला येईनासा झाला, तर त्याच्या दारी जावे. त्याची पाळी बदलायला देवाने कदाचित आपल्यालाच नेमले असेल.

प्रभू येशू म्हणाला होता की नांगराला हात लावल्यावर मागे पाहू नये. समुद्रावर इमानाने पहारा केलेल्या आणि आता काळ्या मातीत इमानाने राबणाऱ्या आपल्या बांधवाने मागे पाहिले नाही. आपणही त्याला एकटे नांगरायला लावू नये. संत इसिदोर आणि संत योसेफ यांच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या शेतांना पाऊस, आपल्या घरांना शांती आणि आपल्या डोळ्यांना माणूस ओळखण्याची दृष्टी देवो. आमेन.